आडवी चप्पल

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळी मुलं काकू म्हणत. दहा वर्षांच्या मुलीला काकू म्हणण्याचं कारण असं, की ती बाकावरच्या शेजारणीच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावून ताप बघायची, पडलेल्याचा गुडघा स्वतःच्या रुमालाने बांधायची आणि वर त्याला रागवायची. एकदा शाळेच्या मागच्या बाजूला कचऱ्याच्या पिंपाने पेट घेतला. काकूने आधी वर्गाच्या त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या आणि मग माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, घाबरू नका, मागे आग लागलीय." पुढे पुढे मीही तिला काकूच म्हणायला लागले. हजेरीत खरं नाव घेतलं, की ती ओ द्यायला विसरायची.

हे सगळं तिने घरून आणलं होतं. वडील अग्निशमन दलात फायरमन, आई मोठ्या इस्पितळात वॉर्डची सिस्टर. आईला दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे सिस्टरच म्हणत. नवराही थट्टेत तेच म्हणे. दोघांच्या नोकऱ्या पाळ्यांच्या. एक घरी येई तेव्हा दुसरं निघालेलं असे, आणि बऱ्याचदा दोघांची गाठ जिन्यातच पडे.

इस्पितळात पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक खाटेची माहिती देते, कोणाला काय झालं, काय दिलं, काय राहिलं. त्याला त्या 'ओव्हर देणं' म्हणतात. सिस्टरांनी ही रीत घरी आणली होती. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, खांद्याला पर्स, आणि ओव्हर चालू. "जेवलीय. ताप नाही. गणित राहिलंय, तिला काही बोलू नका, मी बोललेय." फायरमन म्हणत, "घेतलं." एवढं झालं, की सिस्टर खाली आणि ते वर. काकू मला एकदा म्हणाली होती, "बाई, आमच्याकडे मला आईने बाबांकडे सोपवायचं आणि बाबांनी आईकडे. मी म्हणजे एक नंबरची खाट."

त्या घराचा आणखी एक नियम होता. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपायच्या खोलीच्या दारात एक चप्पल आडवी ठेवी. चप्पल आडवी असली, की आत झोप चालू आहे, कोणीही उठवायचं नाही. घराला आग लागली तरच उठवायचं, असं फायरमन म्हणत, आणि त्यातही आधी सिस्टरांना विचारायचं. काकू चालायला शिकली तीच मुळी चवड्यांवर. त्या घरात कप बशीत टेकल्याचाही आवाज होत नसे. मी गेले, की माझाही आवाज आपोआप खाली येई.

बारावीचं वर्ष संपत आलं, तेव्हा पोरीने काय करायचं यावरून दोघांची जुंपली. गंमत अशी, की सिस्टरांना मुलगी फायर ब्रिगेडमध्ये हवी होती आणि फायरमनना नर्स.

"तुमच्याकडे एक बरं असतं," सिस्टर म्हणत. "आग विझते. विझली की तुम्ही घरी. माझ्या वॉर्डात काही विझत नाही हो. आज सोडून आले ते उद्या तसंच असतं."

"वॉर्डला छप्पर असतं, सिस्टर," फायरमन म्हणत. "आणि ते डोक्यावर पडत नाही."

"कंबर मोडते त्याचं काय?"

"माझी काय शाबूत आहे?"

मग दोघं माझ्याकडे बघत. "बाई, तुम्ही सांगा."

मी काकूकडे बघे, आणि ती म्हणे, "मी दोन्हीकडे परीक्षा देते. जिथे घेतील तिथे जाईन." तिचं डोकं चालत होतं. आईबापांपैकी एकालाच नाराज करावं लागेल आणि तेही निवड करणाऱ्यांच्या हातून, असा तिचा हिशेब.

तो फसला. दोन्हीकडे निवड झाली आणि दोन्हीकडचं प्रशिक्षण एकाच सोमवारी सुरू होणार होतं. फायरमन खूश झाले. ज्याचं म्हणणं खाली पडेल त्याने वर्षभर भांडी घासायची, अशी त्यांनी पैज लावली. सिस्टरांनी कपाटातून नवी घासणी काढून त्यांच्या हातात दिली. "आतापासून हात बसू द्या."

त्या सोमवाराला अजून अवकाश होता, तेव्हाची गोष्ट. सकाळी फायरमन रात्रपाळीवरून आले आणि सिस्टर दिवसपाळीला निघाल्या. नेहमीप्रमाणे जिन्यात गाठ पडली. फायरमन म्हणाले, "रात्री काही विशेष नाही. छातीत जरा जळजळतंय. गोदामाचा धूर गेला असेल." सिस्टरांना उशीर झाला होता. रात्रभर जागलेली त्यांच्या वॉर्डची नर्स सुटायची वाट बघत असणार. "पाणी पिऊन झोपा," त्या म्हणाल्या आणि दारात उभ्या असलेल्या मुलीला खालूनच सांगितलं, "बाबांना जरा जळजळतंय. लक्ष असू दे."

"घेतलं," काकू म्हणाली.

फायरमन पाणी प्यायले, चप्पल आडवी ठेवली आणि आत गेले.

काकूने दिवसभर लक्ष ठेवलं. तिने रेडिओ लावला नाही. कुकरची शिट्टी होईल म्हणून पातेल्यात शिजवलं. काहीतरी विकायला आलेल्या माणसाला ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. वरच्या मजल्यावर खिळा ठोकत होते, तिथे जाऊन विनंती करून आली. दुपार सरली, चप्पल आडवीच होती. बाबा दमलेत, तिला वाटलं. गोदामाची आग मोठी असणार. संध्याकाळी सिस्टर आल्या, त्यांनी चप्पल बघितली. "अजून?" असं म्हणत दार लोटलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांना आत जावं लागलं नाही. इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला ते दारातूनच कळतं.

पाहुणे आले आणि गेले. मामाने सगळी धावपळ केली. आत्या महिनाभर राहिली आणि जाताना माझ्यापाशी म्हणाली, "पोरीच्या डोळ्यांतून टिपूस नाही हो. दगड झालीय नुसती." दगड नव्हती झाली. ती उठायची, केर काढायची, बाजारातून नेमकी भाजी आणायची, सुटे पैसे बरोबर परत घ्यायची. फक्त तिला काहीही विचारलं, की ती एकच शब्द बोलायची. चहा ठेवू? चालेल. मामाकडे येतेस चार दिवस? चालेल. मग आता नर्सिंग की फायर ब्रिगेड? चालेल. मामा वैतागला. "अगं काय चालेल? दोन प्रश्नांना एक उत्तर कसं?" त्यावर ती म्हणाली, "दोन्ही चालेल."

सोमवार जवळ आला. सिस्टर कामावरून घरी जाताना माझ्याकडे आल्या. गणवेशावर स्वेटर, पायांत इस्पितळातलेच पांढरे बूट. बसल्या नाहीत.

"बाई, तुमचं ऐकेल ती. एकदा या."

"काय सांगू मी तिला?"

"नर्सिंगला जा म्हणावं."

मी चमकले. "तुम्हाला तर फायर ब्रिगेड हवी होती."

"हवी होती. पण त्यांना नर्सिंग हवं होतं ना." त्या स्वेटरचं बटण घालत-काढत राहिल्या. "आता भांडू कोणाशी? जाऊ दे, त्यांचंच होऊ दे."

शनिवारी दुपारी मी गेले. रात्रपाळी करून आलेल्या सिस्टर झोपल्या होत्या, त्यांची चप्पल दारात आडवी. काकू स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होती. मीही तिच्यासमोर बसले आणि शेंगा पुढे ओढल्या. आम्ही हळू आवाजात बोलत होतो, म्हणजे मी बोलत होते.

"सोमवारी किती वाजता जायचंय?"

"सकाळी."

"कुठे?"

"ठरेल."

मटाराचे दाणे ताटलीत पडायचा तेवढा आवाज. मग ती उठली, हात पुसले, चपलेवरून पाय टाकून आईच्या खोलीत गेली. मला तिचा आवाज ऐकू आला. "आई."

"हं," आतून.

"काही नाही."

येऊन परत शेंगा सोलायला बसली. पण अर्धी टोपली व्हायच्या आत ती पुन्हा उठली. पुन्हा "आई", पुन्हा "हं", पुन्हा "काही नाही". सिस्टरांच्या आवाजात राग नव्हता, नवल नव्हतं. माझ्या ध्यानात आलं, की हे रोजचं असणार. फायरमन गेले त्या दिवसापासून सिस्टर सलग झोपलेल्याच नाहीत, आणि मुलीला त्यांनी एका शब्दाने टोकलेलं नाही.

तिसऱ्यांदा काकू गेली, तेव्हा सिस्टर "हं" म्हणाल्या नाहीत. "इकडे ये," म्हणाल्या. दार अर्धवट उघडं होतं, मला दोघी दिसत होत्या.

"पायथ्याशी उभी राहा. तिथे नाही, अशी. आता माझ्या तोंडाकडे बघू नकोस. तोंड फसवतं. पांघरुणाची एक घडी निवड, छातीवरची. तिच्याकडेच बघत राहा."

काकू बघत राहिली.

"हलतेय?"

"हलतेय."

"झालं मग. रात्री वॉर्डात आम्ही असंच बघत जातो, एकेक खाट. कोणाला उठवावं लागत नाही."

काकू तिथेच उभी. घडीवरची नजर न काढता म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी कळलं असतं."

सिस्टर उठून बसल्या. केस सुटले होते, ते त्यांनी हाताने मागे घेतले. "हो. कळलं असतं," त्या म्हणाल्या. "उपयोग झाला असता की नाही ते सांगता येत नाही, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण कळलं असतं."

"बरं."

"अगं, ऐक. छातीत जळजळतंय म्हणणारा पेशंट वॉर्डात असता, तर मी जिना उतरले असते का? घरचा होता म्हणून उतरले. आणि वर तुला अर्धवट ओव्हर दिलं. ओव्हर चुकलं, की ते देणाऱ्याचं चुकतं, घेणाऱ्याचं नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी हे शिकवतात."

"बरं," काकू पुन्हा म्हणाली. भाजी किती आणू विचारल्यावर म्हणावं तसं.

तेवढ्यात बाहेरच्या दारावर अशी काही थाप बसली, की ताटलीतले मटार उडाले. काकू झटक्यात धावली, दार उघडलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हळू, बाबा झोप—"

दारात आगीच्या बंबावरचा ड्रायव्हर होता, तिच्या बापाचा जुना सोबती. घरात सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. हातात पिशवी होती. फायरमनच्या कपाटातलं सामान तो पोचवायला आला होता, टॉवेल, कानतुटका मग, बुटांचा जुना जोड. त्याने ते वाक्य ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असं दाखवायचा तो प्रयत्न करत होता.

"चुकलो," तो म्हणाला. "हाताला सवय. ही थाप तुझ्या बापानेच शिकवली."

काकूने त्याला बसायला खुर्ची दिली. "कसली थाप?"

"म्हणजे? तुला ठाऊक नाही?" त्याने माझ्याकडे पाहिलं, आतून आलेल्या सिस्टरांकडे पाहिलं. "वहिनी, सांगितलं नव्हतं त्याने?"

"कामाचं काही घरी बोलायचे नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, इमारतीला आग लागली, की आम्ही पाइप ओढायचो आणि हा जिने चढायचा. माणसं उठवायला. पाइप काय, कोणीही धरतं. माणसं उठवायला हाच." ड्रायव्हरकाकाने पंजा पसरून दाखवला. "मुठीने ठोकायचं नाही म्हणायचा. मूठ वाजली तर झोपलेल्याला वाटतं शेजाऱ्याकडे कोणी आलंय. उघड्या पंजाने मारली, की दार चौकटीत हलतं, मग माणूस उठतो. आणि आवाज तर असा, की खाली रस्त्यावर आम्हाला कळायचं, हा कितव्या मजल्यावर पोचला. एकदा एक जाडजूड गृहस्थ दार उघडून याला शिव्या घालून परत झोपायला गेले. याने त्यांना गादीसकट जिन्यापर्यंत ओढलं. गादीवर बसून शिव्या देत खाली आले ते साहेब."

सिस्टरांच्या तोंडून हसू आल्यासारखा आवाज निघाला. काकू हसली नाही. ती त्या पसरलेल्या पंजाकडे बघत होती.

"बाबा?" ती म्हणाली. "बाबा तर कपसुद्धा बशीत टेकवायचे नाहीत."

"घरी दमलेला असायचा गं."

"आणि उठलंच नाही कोणी तर?"

"उठेपर्यंत ठोकायचं."

"झोपमोड केली म्हणून रागवत नाहीत?"

"रागवतात ना. शिव्या देतात, तक्रारी करतात. रागवू देत. रागवायला उरलेत, म्हणजे आपलं काम झालं."

काकूने मान हलवली. पिशवीतला मग काढून धुतला आणि ड्रायव्हरकाकाला त्यातच चहा दिला. कान तुटलेला असल्याने त्याला तो रुमालाने धरावा लागला. तिने मटार सोलून संपवले, सालं कागदात गुंडाळली. मी निघाले तेव्हाही विचारलं, "सोमवारचं?" तर म्हणाली, "ठरेल, बाई."

सोमवारचं मला सिस्टरांनी नंतर सांगितलं. सकाळी त्या कामावरून आल्या आणि काकू निघाली, दोघींची जिन्यात गाठ पडली. मुलगी कुठे जाणार हे विचारायचं नाही, असं सिस्टरांनी वाटेत ठरवलं होतं. काकू एका पायरीवर थांबली आणि सपाट आवाजात म्हणाली, "दूध तापवलंय. मागची खिडकी उघडी आहे. काल तू नीट जेवली नाहीस, आधी जेव. आणि मी फायरला जातेय."

सिस्टरांनी कठडा धरला. मग म्हणाल्या, "घेतलं."

"म्हणजे जिंकले मी, बाई," त्या मला म्हणाल्या. "आता भांडी घासायला कोणाला बोलवू?"

प्रशिक्षणात तिचं सगळं ठीक होतं, एक सोडून. शिडी चढायची, पाइप ओढायची, वजन उचलायची, पण ओरडता यायचं नाही. रिकाम्या इमारतीत बंद दारं ठोकत, आवाज देत वर जायचा सराव असे. काकूचा आवाज दुसऱ्या पायरीच्या पुढे जात नव्हता. शिकवणाऱ्या साहेबांनी विचारलं, "घरी कोणी ओरडतच नाही का गं?" ती म्हणाली, "नाही." त्यांना वाटलं, उलट उत्तर देतेय.

मला भेटली तेव्हा तिने हे नुसतं सांगितलं, कुरकुर म्हणून नाही. आणखी एक सांगितलं. "साहेब म्हणतात, मला भीती वाटत नाही हे चांगलं लक्षण नाही. ज्याला भीती वाटत नाही त्याला ते मागे ठेवतात."

"आणि तुला खरंच वाटत नाही?"

तिने विचार केला. "काहीच वाटत नाही, बाई. पंजा मारला की हाताला लागतं, तेवढं कळतं."

तिने हात दाखवला. तळवा लाल होता, बोटांच्या मुळाशी घट्टे पडायला लागले होते. मी तो हात थोडा वेळ हातात घेऊन बसले. तिने काढून घेतला नाही.

आवाज पुढे निघाला. कसा, ते तिलाही सांगता येत नाही. एका सकाळी सरावात तिसऱ्या मजल्यावरून तो खाली रस्त्यावर आला आणि बंबापाशी चहा पीत उभ्या ड्रायव्हरकाकाने वर पाहिलं, एवढं मला त्याच्याकडून कळलं.

नंतर काकू रीतसर कामावर लागली. परवा दुपारी मी सिस्टरांना रस्त्यात भेटले, त्या पाळी संपवून घरी चालल्या होत्या. "चला, चहाला," म्हणाल्या. दार उघडून आत गेलो तर झोपायच्या खोलीच्या दारात चप्पल आडवी. मोठी, जाड तळाची. काकूची रात्रपाळी झाली होती. मी सवयीने आवाज खाली आणला, पायांतलं हळूच काढून ठेवलं.

सिस्टरांनी पर्स खुंटीला लावली, सरळ त्या दाराशी गेल्या आणि उघड्या पंजाने चौकटीवर एक थाप मारली. खिडकीची काच वाजली.

"काकू," त्यांनी मोठ्याने हाक मारली.

"आहे," आतून झोपेतला आवाज आला.

"झोप."

पलंग करकरला, पुन्हा शांत झालं. सिस्टर स्वयंपाकघरात येऊन चहाचं पाणी ठेवायला लागल्या.

मी म्हटलं, "तुम्हाला तर पांघरुणाच्या घडीवरून कळतं."

"मला कळतं."

"मग?"

"तिने सांगून ठेवलंय, घरात जो येईल त्याने उठवायचं. मी झोपलेली असले की तीही उठवते. तिच्या हाताने तर शेजारचेही उठतात."

"अहो, पण झोपमोड होत असेल पोरीची."

"होते की," सिस्टर म्हणाल्या आणि पाणी उकळेपर्यंत सकाळची भांडी घासायला घेतली.